कनकेचा आदित्य: कशेळीचं देऊळ, एक ताम्रपट आणि एक गणिका

रत्नागिरीहून भाट्ये, पावस, पूर्णगड असं दक्षिणेकडे निघालात की मुचकुंदीची खाडी ओलांडून गावखडी लागतं. तिथून पुढे आडिवऱ्याच्या बाजूला, राजापूर तालुक्यात, कशेळी आहे. इथलं कनकादित्याचं देऊळ महाराष्ट्रातल्या मोजक्या सूर्यमंदिरांपैकी एक. आंब्या-काजूच्या झाडीतलं हे देऊळ बाहेरून कोकणातल्या इतर देवळांसारखंच वाटतं. आत काळ्या पाषाणातली सूर्याची मूर्ती आहे, आणि या मूर्तीची एक गोष्ट आहे.

गोष्ट अशी. सौराष्ट्रातल्या प्रभासपट्टणवर अल्लाउद्दीन खिलजीची स्वारी येणार अशी चाहूल लागली. तिथल्या सूर्यमंदिराच्या पुजाऱ्याने मूर्ती एका व्यापाऱ्याच्या गलबतावर चढवल्या आणि गलबत दक्षिणेकडे निघालं. कशेळीच्या किनाऱ्यासमोर ते अडलं, काही केल्या पुढे सरकेना. देवाला इथेच राहायचं आहे असं समजून व्यापाऱ्याने एक मूर्ती किनाऱ्यावरच्या गुहेत ठेवली, तेव्हा कुठे गलबत हललं. ती जागा म्हणजे आजची देवघळी. पुढे गावातल्या कनका नावाच्या गणिकेला देवाने स्वप्नात दृष्टांत दिला. तिने गावकऱ्यांना गोळा केलं, मूर्ती वर आणून देऊळ बांधलं. कनकेचा आदित्य म्हणून देव झाला कनकादित्य.

आता दुसरी वस्तू बघू. या गावाशी निगडित एक ताम्रपट आहे आणि तो देवस्थानाने जपला आहे. कोल्हापूरच्या शिलाहार घराण्यातल्या दुसऱ्या भोज राजाने शके १११३ मध्ये तो दिला. शकात ७८ मिळवले की इसवी सन निघतं, म्हणजे ११९१. पन्हाळ्यावरून राज्य करणाऱ्या या राजाने अट्टविरे विभागातलं कशेळी गाव ब्राह्मणभोजनाच्या सोयीसाठी दान दिलं. अट्टविरे म्हणजे आजचं शेजारचं आडिवरे.

इथे साल तपासायला हवं. खिलजीच्या उलुघखान आणि नुसरतखान या सरदारांनी गुजरातवर स्वारी केली आणि सोमनाथ लुटलं ते १२९९ मध्ये. ताम्रपट त्याआधी १०८ वर्षांचा. म्हणजे गोष्टीतलं गलबत सौराष्ट्रातून निघायच्या शंभर वर्षं आधी कशेळी हे नांदतं गाव होतं.

मग गोष्ट खोटी? इतकी घाई नको. ताम्रपट गावाबद्दल बोलतो. गाव होतं म्हणून देऊळही तेव्हाच होतं असं सिद्ध होत नाही. मूर्ती १२९९ नंतर आली असंही म्हणता येईल. दुसरा हिशोबही मांडता येतो. गझनीच्या महमूदाने सोमनाथ लुटलं ते १०२६ मध्ये. गोष्टीतली स्वारी ती असेल आणि सांगणाऱ्यांच्या तोंडी पुढे जास्त परिचित सुलतानाचं नाव बसलं असेल, तर सगळं ताम्रपटाच्या आधी घडलेलं ठरतं. पण हवं ते साल निवडून गोष्ट जुळवून घेणं हा पुरावा होत नाही. मोबाइलवर ‘हजार वर्षांचा इतिहास’ अशी ओळ वाचली की इथे थांबावं आणि विचारावं: हजार वर्षं कशाची? गावाची, देवळाची, मूर्तीची की गोष्टीची? चारही उत्तरं वेगवेगळी असू शकतात.

गोष्टीतला एक धागा मात्र पक्का ऐतिहासिक आहे, तो म्हणजे गलबत. कशेळीच्या दक्षिणेला, आज सिंधुदुर्गात असलेल्या खारेपाटणला शके ९३० चा, म्हणजे इसवी सन १००८ चा एक ताम्रपट सापडला. तो दक्षिण कोकणच्या शिलाहार रट्टराजाचा. त्यात अव्वेश्वराच्या देवळाला उत्पन्न लावून दिलंय. तीन गावं तर आहेतच, शिवाय परदेशातून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे सोन्याचा एक गद्याण. म्हणजे या किनाऱ्यावर देवाचा दिवा जहाजांच्या पैशावरही जळत होता. बंदर, व्यापारी आणि देऊळ हे नातं इथल्या लोकांच्या रोजच्या व्यवहारातलं होतं. देव समुद्रातून, व्यापाऱ्याच्या गलबतातून आला हे त्यांना पटायला जड गेलं नसणार.

उलट, ज्या ताम्रपटांना आपण ठोस पुरावा म्हणतो, त्यांच्यातही दंतकथा असतातच. शिलाहार राजे आपल्या लेखांत स्वतःला जीमूतवाहनाचे वंशज म्हणवतात. जीमूतवाहन हा विद्याधरांचा राजपुत्र. एका नागाचा जीव वाचवावा म्हणून तो त्याच्या जागी वधशिलेवर जाऊन बसला आणि गरुडाचं भक्ष्य व्हायला तयार झाला. शिलेवरचा आहार, म्हणून शिलाहार. हर्षाच्या ‘नागानंद’ नाटकात हीच कथा आहे. या राजांच्या मुद्रेवर गरुड असतो. आता गरुडाने खाल्लेल्या विद्याधराचे वंशज कोल्हापुरात राज्य करत होते यावर आपण विश्वास ठेवत नाही. पण म्हणून त्याच पत्र्यावरचं शक आणि गावाचं नाव फेकूनही देत नाही. प्रत्येक विधान वेगळं तपासतो. राजाच्या लेखाला जी सवलत देतो, तीच गावाच्या गोष्टीलाही द्यायला हवी. सालासाठी ती कच्ची असेल, पण लोकांना काय लक्षात ठेवावंसं वाटलं हे तीच सांगते.

आणि कशेळीच्या लोकांनी लक्षात ठेवली ती एक गणिका.

‘कनक’ म्हणजे सोनं. कनकादित्य म्हणजे सोनेरी सूर्य, असा सरळ अर्थ लागतो. कदाचित देवाचं नाव आधीचं असेल आणि त्या नावाचा उलगडा करताना कनका नावाची बाई गोष्टीत आली असेल. पण उलटही शक्य आहे. देऊळ बांधणाऱ्याचं नाव देवाला देण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. पट्टदकलचं विरूपाक्ष मंदिर मुळात लोकेश्वर होतं, ते बांधवून घेणाऱ्या लोकमहादेवी राणीच्या नावावरून. राणीचं नाव देवाला मिळू शकतं, तर गणिकेचं का नाही?

उत्तर काहीही निघो, पिढ्यान्‌पिढ्या या गावाने आपल्या देवाचं नाव सांगताना ‘ती गणिका होती’ हे लपवलं नाही. दृष्टांत पुजाऱ्याला झाला नाही, गावच्या प्रमुखाला झाला नाही, तिला झाला. कोकणात देवळाच्या सेवेत भाविणी होत्या, कलावंतिणी होत्या. दिवाबत्ती, गाणं, नाच त्यांच्याकडे असे; मान मात्र देवळाच्या कामापुरता. १९३४ मध्ये मुंबई प्रांतात मुलींना देवाला वाहण्याविरुद्ध कायदा झाला, तो याच प्रथेतल्या शोषणामुळे. अशा बायकांची नावं दानपत्रांत दात्यांच्या जागी क्वचित येतात. कनका खरी असो वा नसो, गोष्टीत तिला दात्याची जागा मिळाली आहे. म्हणूनच गोष्ट पुढे पाठवताना ‘गणिका’ शब्द अवघड वाटून ‘एक भाविक स्त्री’ असं लिहिलं, तर आपण नुसता शब्द सौम्य करत नाही. गावाने जपलेली नेमकी तीच आठवण पुसतो.

कशेळीत आणखी एक परंपरा अजून चालू आहे. आडिवऱ्याजवळच्या कालिकावाडीची कालिकादेवी ही कनकादित्याची पत्नी मानतात. माघ शुद्ध सप्तमीला, रथसप्तमीच्या उत्सवासाठी, तिला वाजतगाजत कशेळीला आणतात. ताम्रपटातली अट्टविरे आणि कशेळी ही दोन नावं आठशेहून अधिक वर्षांनंतर अशी दरवर्षी एका रस्त्याने जोडली जातात. दुसऱ्या भोजाचं राज्य १२१२ च्या सुमारास यादव सिंघणाने संपवलं. राजाने आखलेले विभाग गेले, गावं आणि त्यांचं येणंजाणं उरलं.

कशेळीला गेलात तर देवळात सभामंडपातलं लाकडी कोरीवकाम बघा आणि मग देवघळीच्या कड्यावर जा. खाली समुद्र कातळावर आपटत असतो. गलबत इथे का अडलं असेल ते कड्यावरून बघताना वेगळं सांगावं लागत नाही. गोष्ट कुणी विचारली तर पूर्ण सांगा: साल जुळत नाही हेही, आणि देऊळ कुणी बांधलं हेही.