टोलच्या पावतीवर नसलेला हिशेब

फिलिपिन्सची राजधानी मनिला इथून उत्तरेकडे जाणाऱ्या टोल हायवेला आज सगळे ‘एनलेक्स’ म्हणतात, म्हणजे नॉर्थ लुझॉन एक्सप्रेसवे. त्याचं जुनं नाव नॉर्थ डायव्हर्जन रोड, थोडक्यात बायपास. त्याआधी उत्तरेची वाहतूक मॅकआर्थर हायवेवरून, बुलाकान आणि पाम्पांगा प्रांतांतल्या गावांच्या भर वस्तीतून जायची.

बायपासचा पहिला टप्पा १९६८मध्ये सुरू झाला. तो बांधणारी सीडीसीपी ही खासगी कंपनी. तिचे प्रमुख रोडोल्फो क्वेन्का राष्ट्राध्यक्ष फर्डिनंड मार्कोस यांच्या खास गोटातले.

पुढे आडवी आली कांदाबाची दलदल. पावसाळ्यात पाम्पांगा नदीचं पाणी इथे पसरतं आणि भातखाचरांचं तळं होतं. म्हणून इथे रस्ताच खांबांवर उचलला. हा पूल सुमारे ५ किलोमीटरचा आहे. आजही खाली शेतं पाण्यात असतात आणि वर गाड्या सुसाट धावत असतात.

१९७२मध्ये मार्कोस यांनी मार्शल लॉ लावला, संसद बंद पडली. १९७७मध्ये एका अध्यक्षीय हुकमाने या कंपनीला उत्तर आणि दक्षिण, दोन्ही एक्सप्रेसवेंवर ३० वर्षं टोल वसूल करण्याचा हक्क मिळाला. प्रश्न विचारायला सभागृहच नव्हतं.

कंपनीने हातपाय पसरले, परदेशातही कामं घेतली आणि ती कर्जात बुडाली. हे कर्ज बरंचसं सरकारी वित्तसंस्थांचं. १९८३मध्ये मार्कोस यांनी त्याचं शेअरमध्ये रूपांतर करायला लावलं. कंपनी सरकारच्या गळ्यात पडली आणि तिचं नाव पीएनसीसी झालं.

१९८६च्या जनआंदोलनात मार्कोस देश सोडून पळाले. रस्ता तिथेच राहिला आणि हळूहळू खराब होत गेला. शेवटी खासगी भागीदारीतून त्याचं नूतनीकरण झालं. २००५मध्ये तो नव्याने खुला झाला, तेव्हा टोल कित्येक पटींनी वाढला आणि लोक भडकले.

राग साहजिक होता. पण नवा टोल निदान पावतीवर छापलेला होता आणि गाडीवाल्याच्या खिशातून जात होता. १९८३चं बिल मात्र कुणाच्याच हातात पडलं नाही. ते सरकारी तिजोरीतून गेलं, म्हणजे त्यात कांदाबाच्या पुलाखाली भात लावणाऱ्याचाही वाटा होता. त्याच्याकडे गाडी असो वा नसो.