भिंतीआडची माहिती

रासायनिक कारखान्यात प्रत्येक घातक द्रव्याबरोबर एक कागद असावा लागतो. त्या द्रव्याचे गुणधर्म, त्यापासून होणारा अपाय आणि तो झालाच तर करावयाचा उपचार, हे त्यावर लिहिलेले असते. कागद रुक्ष खरा; परंतु आपल्या देशात तो कायद्यात येण्यापूर्वी एक शहर गुदमरून गेले.

२ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले आणि सुमारे ४० टन मिथिल आयसोसायनेट शहरावर पसरले. पाणी कसे शिरले यावर पुढे पुष्कळ वाद झाला. आम्हांस येथे विचारावयाचे आहे ते निराळेच: त्या रात्री कोणाला काय ठाऊक होते?

रसायनज्ञांना ठाऊक होते की हे द्रव्य पाण्याशी संयोग पावते. तेव्हा नाकातोंडावर ओले फडके धरले तर अपाय कमी होतो. वायू हवेहून जड, म्हणून जमिनीलगत सरपटतो, हेही ठाऊक होते. भिंतीला लागून राहणाऱ्यांना यातले काहीच सांगितलेले नव्हते. ते वाट फुटेल तिकडे धावले. आणि धावणाऱ्याचा श्वास अधिकच खोल जातो. लोकांसाठीचा भोंगा थोडा वेळ वाजवून बंद केला गेला. तो पुन्हा वाजला तेव्हा वायू घराघरांत शिरला होता. हमीदिया रुग्णालयात रोग्यांची रीघ लागली, पण हा वायू कोणता, हेच डॉक्टरांना कोणी धड सांगेना.

बरे, इशारा मिळाला नव्हता असेही नाही. १९८१ च्या डिसेंबरात याच कारखान्यात अश्रफ खान हा कामगार फॉस्जीनने मरण पावला. १९८२ साली राजकुमार केसवानी यांनी आपल्या छोट्या साप्ताहिकातून धोक्याची सूचना दिली. त्याच वर्षी अमेरिकेहून आलेल्या तपासनिसांनी दोषांची यादी केली. ती कंपनीच्या दप्तरातच राहिली.

१९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन ४१-ब हे कलम आले. चालकाने कामगारांनाच नव्हे, तर आसपासच्या नागरिकांनाही धोक्याची माहिती द्यावी, असे त्याने बंधन घातले. १९८९ च्या नियमांनी त्या कागदाचा नमुनाही ठरवून दिला. पण नमुना भरला म्हणजे तो वाचला गेला, असे थोडेच आहे! भोपाळच्या सूचनापुस्तिका इंग्रजीत होत्या, आणि यंत्रापाशी उभ्या असलेल्या कित्येकांना ती भाषा वाचता येत नव्हती. आपल्याकडे तारापूरला, महाडला, लोट्याला जो कंत्राटी मजूर पिंपे उतरवतो, त्याच्या पिंपावरची चिठ्ठी कोणत्या भाषेत असते?