रस्ता वळला आणि गाव थांबलं: ब्राझीलच्या पाराचीची गोष्ट

माझं रोजचं काम म्हणजे सर्व्हरवरचा ट्रॅफिक इकडून तिकडे वळवणं. रूट बदलला की जुना सर्व्हर रिकामा पडतो. पण अख्ख्या गावाचाच रूट बदलला तर?

ब्राझीलच्या किनाऱ्यावर, रिओ आणि साओ पाउलोच्या मधे, एक गाव आहे. स्पेलिंग बघून आपण 'पाराती' म्हणू. तिथे म्हणतात 'पाराची'. १६६७ मध्ये ते आंग्रा दोस रेइसपासून वेगळं झालं. शतक संपता संपता आतल्या मिनास जेराइस भागात सोनं सापडलं आणि गावाचं नशीब उघडलं. मूळ रहिवाशांच्या जुन्या पायवाटेवर गुलामांकडून दगड बसवून घेतले गेले. खेचरांचे तांडे त्या वाटेने सोनं बंदरात आणायचे. तिथून ते जहाजाने रिओला, पुढे पोर्तुगालला. उलट दिशेने वर जायचा माल आणि गुलाम केलेली माणसं.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला मिनासहून थेट रिओला नवा रस्ता झाला. पाराची बायपास! गाव मग उसाच्या दारूवर जगलं. ती इतकी गाजली की ब्राझीलमध्ये 'पाराची' म्हणजेच दारू असा अर्थ झाला. एकोणिसाव्या शतकात कॉफीने पुन्हा बंदर भरलं. पण १८७७ मध्ये रिओ-साओ पाउलो रेल्वे जोडली गेली आणि कॉफी रुळांवरून निघाली. १८८८ मध्ये गुलामगिरी संपली. मळे बंद पडले, माणसं निघून गेली.

आणि इथेच गंमत आहे. जुनं पाडून नवं बांधायला कुणाकडे पैसाच नव्हता! म्हणून पांढरी घरं, दगडी गल्ल्या तशाच राहिल्या. मोठ्या भरतीला आजही समुद्राचं पाणी गल्ल्यांत शिरतं. १९५८ मध्ये गावाला सरकारी संरक्षण मिळालं, १९७० च्या दशकात किनारी महामार्ग आला, २००३ पासून साहित्य महोत्सव भरू लागला, २०१९ मध्ये युनेस्कोचा शिक्का बसला. आता टुरिझम जोरात.

पण महामार्गाबरोबर जमिनीचे भावही चढले. पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कोळ्यांना आपल्याच किनाऱ्यासाठी भांडावं लागलं. गुलामांच्या वंशजांची कांपिन्यो ही वस्ती तिथलीच. तीन स्त्रियांनी ती वसवली असं तिथले लोक सांगतात. त्यांना जमिनीचे कागद मिळाले १९९९ मध्ये, म्हणजे गुलामगिरी संपल्यावर १११ वर्षांनी.

रस्ता गेला तेव्हा हीच माणसं मागे राहिली होती. रस्ता परत आला, तर हटवायला निघाले तेही त्यांनाच. पुढच्या वेळी एखादं 'जपलेलं' गाव बघायला गेलात, तर एवढं नक्की विचारा: घरं जपली, माणसांचं काय? भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!