जुन्या फलकांचे नवे दार

१९७८ च्या जानेवारीअखेर अमेरिकेतील शिकागो शहरावर प्रचंड हिमवर्षाव झाला. रस्ते बुजले, व्यवहार थांबले आणि नोकरदार माणसे आपापल्या घरी अडकून पडली. या सक्तीच्या सुट्टीत आय. बी. एम. कंपनीत काम करणारे वॉर्ड क्रिस्टेन्सन यांनी आपले मित्र रँडी सूस यांना टेलिफोन केला. दोघेही संगणकाचा छंद असणाऱ्यांच्या एका मंडळाचे सभासद होते. भिंतीवरच्या फलकावर जशा टाचणीने चिठ्ठ्या लावतात, तशा त्या टेलिफोनवरून लावता आणि वाचता आल्या तर, अशी कल्पना निघाली. एकाने कार्यक्रम लिहिला, दुसऱ्याने यंत्र जुळविले आणि १६ फेब्रुवारी १९७८ रोजी जगातील पहिला संगणकीय सूचनाफलक सुरू झाला. बुलेटिन बोर्ड म्हणून पुढे जगभर पसरलेल्या संस्थेचा हा आरंभ होय.

त्याची रचना साधी होती. मोडेम नावाचे उपकरण संगणकाच्या संकेतांचे टेलिफोनच्या तारेतून जाऊ शकतील अशा सुरांत रूपांतर करी आणि दुसऱ्या टोकास त्या सुरांची पुन्हा अक्षरे होत. तार एकच असल्यामुळे एका वेळी एकालाच प्रवेश मिळे. इतरांनी लाइन मोकळी होण्याची वाट पाहावयाची. वेग सेकंदाला सुमारे तीस अक्षरांचा. ऐंशी अक्षरांच्या पंचवीस ओळींनी पडदा भरावयाचा तर एक मिनिटाहून अधिक वेळ लागे. तरीही बंद होईपर्यंत या एका फलकावर अडीच लाखांहून अधिक वेळा माणसे येऊन गेली.

या फलकांचे स्वरूप ठरविले ते मुख्यत्वे टेलिफोनच्या दरांनी. गावातल्या गावात टेलिफोन स्वस्त, परगावी महाग. म्हणून प्रत्येक फलकाभोवती त्या त्या शहराची मंडळी जमली आणि त्याला गावच्या पारासारखे रूप आले. १९८४ मध्ये सान फ्रान्सिस्कोच्या टॉम जेनिंग्ज यांनी यावर तोड काढली. दर उतरल्यावर मध्यरात्री एका फलकाचा संगणक दुसऱ्यास आपण होऊन टेलिफोन करी आणि साचलेले टपाल पुढे पाठवी. ‘फायडोनेट’ या नावाची ही व्यवस्था दहा-बारा वर्षांत हजारो फलकांना जोडून गेली. भारतातही १९९० च्या आगेमागे मुंबई, बंगळूर अशा शहरांत हौशी मंडळींनी फलक चालविले. बंगळूरच्या अतुल चिटणीस यांचा फलक त्या काळच्या संगणकप्रेमींच्या चांगल्या परिचयाचा होता.

पुढे १९९३ मध्ये ‘मोझेक’ हा चित्रे दाखविणारा ब्राउझर आला आणि इंटरनेट घराघरांत शिरू लागले. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी ते सर्वसामान्यांस खुले झाले. एका शहरापुरत्या, एका तारेच्या फलकाचे प्रयोजन साहजिकच संपत आले. मोठी हानी झाली ती याच वेळी. हे फलक कोणा सरकारी दप्तराचे वा ग्रंथालयाचे नव्हते. ते कोणाच्या तरी घरातील एका यंत्रात होते. मालकाने यंत्र बंद केले की दहा वर्षांचा पत्रव्यवहार, वादविवाद, अक्षरांच्या चौकटींतून घडविलेली रंगीत चित्रे, सारे एका क्षणी नाहीसे होई. जेसन स्कॉट यांच्यासारख्या संग्राहकांनी १९९८ पासून जुन्या फलकांवरचे हजारो लेख गोळा केले आणि ते वाचले. तथापि लेख वाचविणे आणि फलक वाचविणे या एकच गोष्टी नव्हेत. सभेचे इतिवृत्त हाती असले म्हणजे सभा भरतेच असे नाही.

काही चालकांनी म्हणूनच निराळा मार्ग धरला. टेलिफोन सुटला, पण फलक चालू ठेवून त्यांनी तो ‘टेलनेट’ या जुन्या पद्धतीने इंटरनेटला जोडला. तरीही एक अडचण उरली. आजच्या वाचकापाशी ब्राउझर असतो, आणि सुरक्षिततेस्तव त्याला वाटेल त्या संगणकाशी थेट तार जोडण्याची मुभा नसते. २०११ मध्ये ‘वेबसॉकेट’ या पद्धतीचे प्रमाण निश्चित झाले आणि वाट मोकळी झाली. मध्ये एक दुभाषी कार्यक्रम बसतो. तो एका बाजूने ब्राउझरशी नव्या भाषेत बोलतो आणि दुसऱ्या बाजूने फलकाशी जुन्या भाषेत. फलकाला बदलावे लागत नाही, वाचकालाही नवे काही बसवावे लागत नाही.

दुसरा प्रश्न लिपीचा. जुन्या आय. बी. एम. संगणकाच्या संचात २५६ चिन्हे होती आणि त्यांतील रेघा, कोपरे व ठोकळे यांवर फलकांची सारी सजावट उभी होती. आजच्या युनिकोड पद्धतीने तेच संकेत जसेच्या तसे वाचले तर पडद्यावर निरर्थक खुणा उमटतात. मराठी माणसास हे दुःख समजावून सांगण्याची गरज नाही. युनिकोडपूर्व फाँटांत टंकलेले मराठी मजकूर तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडले की असाच गोंधळ दिसतो. उपायही दोन्हीकडे सारखाच: प्रत्येक जुन्या संकेतासमोर नवा संकेत मांडणारे कोष्टक. फलकांच्या बाबतीत याखेरीज चिन्हांची जुनी घडण आणि सोळा रंगही सांभाळावे लागतात. काही चालक अक्षरे मुद्दाम सावकाश उमटवितात, कारण त्या काळची काही चित्रे त्या संथ गतीसाठीच रेखाटलेली होती.

हा केवळ हौसेचा खटाटोप आहे असे कोणी म्हणेल, त्याला तैवानचे उत्तर आहे. तेथे १९९५ मध्ये राष्ट्रीय तैवान विद्यापीठातील एका विद्यार्थ्याने ‘पीटीटी’ हा फलक सुरू केला. काळ्या पडद्यावर अक्षरे, हेच त्याचे रूप पुढेही राहिले. मात्र त्याला ब्राउझरमधून प्रवेशाची सोय झाली आणि तो लोकांचा चव्हाटा बनून राहिला. ३१ डिसेंबर २०१९ च्या पहाटे वूहान येथील अनाकलनीय न्यूमोनियाविषयी या फलकावर आलेल्या मजकुराकडे तैवानच्या रोगनियंत्रण केंद्राचे अधिकारी लो यी-चुन यांचे लक्ष गेले. त्याच दिवशी तैवानने जागतिक आरोग्य संघटनेकडे विचारणा केली आणि वूहानहून येणाऱ्या विमानांतील प्रवाशांची तपासणी सुरू केली.

शिकागोचे सूस २०१९ मध्ये आणि क्रिस्टेन्सन २०२४ मध्ये निवर्तले. त्यांच्या यंत्राची जागा संग्रहालयातच शोभेल. पण फलक हे यंत्र नव्हते. परक्या माणसाने आत यावे, चिठ्ठी लावावी आणि दुसऱ्याने तिला उत्तर द्यावे, हा तो रिवाज होता. वस्तू कपाटात टिकते. रिवाज टिकावयाचा तर येणाऱ्याच्या हाती जी किल्ली असेल, तिने उघडणारे दार त्याला ठेवावे लागते.