रमाबाईंना कसं वाचायचं? साक्ष, पत्रं आणि केडगाव

माणूस मागे वळून जे सांगतो आणि त्या वेळी जे लिहितो, त्यात फरक असतो. संशोधनात हे कायम लक्षात ठेवा.

पंडिता रमाबाईंचंच बघा. १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १९०७ च्या आत्मकथनात त्या लंडनमधल्या फुलहॅमची आठवण सांगतात. समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांना तिथल्या ख्रिस्ती भगिनी मायेनं सांभाळत होत्या. का, असं विचारल्यावर येशू आणि शोमरोनी स्त्रीची गोष्ट त्यांना ऐकायला मिळाली. देवाच्या करुणेपुढे कुणीच टाकाऊ नाही, हे त्यांना भिडलं.

पण हे लेखन २४ वर्षांनंतरचं! म्हणून त्या काळातली पत्रंही वाचा. तिथे रमाबाई सिस्टर जेराल्डिनशी त्रैक्यावर, चर्चच्या अधिकारावर वाद घालतात. करुणा पटली, तरी बुद्धी गहाण ठेवली नाही.

तिसरं साधन म्हणजे कृती. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या निराधार मुलींना त्यांनी आपल्या पुणे जिल्ह्यात, केडगावला आणलं. आसऱ्यासोबत शिक्षण आणि हाताला कामही दिलं.

आता तिन्ही साधनं शेजारी ठेवा आणि विचारा: यात त्या मुलींचा स्वतःचा आवाज कुठे ऐकू येतो? माणसाच्या मोलाचा इतिहास लिहायचा, तर हा प्रश्न टाळता येणार नाही.