लेखनिक (परीक्षा)

परीक्षेत स्वतःच्या हाताने उत्तरे लिहू न शकणाऱ्या परीक्षार्थीने सांगितलेली उत्तरे उत्तरपत्रिकेत जशीच्या तशी उतरवून देणारी व्यक्ती म्हणजे लेखनिक होय. प्रश्नपत्रिका वाचून दाखवणाऱ्यास वाचक म्हणतात. बहुधा ही दोन्ही कामे एकच व्यक्ती करते. भारतात लेखनिक मिळणे हा आज दिव्यांग विद्यार्थ्याचा कायदेशीर हक्क आहे. प्रारंभी तो केंद्रप्रमुखाच्या मर्जीवर अवलंबून असे. त्याला हक्काचे रूप आले ते शिक्षक, दिव्यांगांच्या संघटना व वकील यांच्या प्रयत्नांतून आणि बऱ्याच अंशी न्यायालयात.

पार्श्वभूमी

मुंबईत 1900 साली अमेरिकन मराठी मिशनच्या अ‍ॅना मिलार्ड यांनी अंध मुलांसाठी शाळा सुरू केली. पुढे दादर स्कूल फॉर द ब्लाइंड या नावाने ती ओळखली गेली. 1902 मध्ये मुंबईतच व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा निघाली. अशा शाळांत ब्रेल लिपीत लिहिता येत असले, तरी सार्वजनिक परीक्षेचा परीक्षक ब्रेल वाचू शकत नसे. त्यामुळे ज्ञान असूनही ते कागदावर पोचवण्यासाठी दुसऱ्याचा हात लागे.

1995 च्या अपंग व्यक्ती अधिनियमाने अंध व अल्पदृष्टी विद्यार्थ्यांना लेखनिक पुरवण्याचे बंधन शिक्षणसंस्थांवर घातले. तथापि या तरतुदीत इतर दिव्यांगांचा उल्लेख नव्हता. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना परीक्षेत सवलती देण्यास महाराष्ट्र शासनाने 1996 मध्येच प्रारंभ केला. या बाबतीत महाराष्ट्र इतर राज्यांच्या पुढे होता, हे नोंदवण्यासारखे आहे. केंद्रीय कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश होण्यास त्यानंतर वीस वर्षे लागली.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 हा 19 एप्रिल 2017 पासून अमलात आला. त्यातील दिव्यांगत्वाचे प्रकार 7 वरून 21 झाले. कलम 17 मध्ये अभ्यासक्रम व परीक्षापद्धतीत योग्य बदल करणे, जादा वेळ देणे, लेखनिक पुरवणे आणि द्वितीय व तृतीय भाषेतून सूट देणे यांचा स्पष्ट उल्लेख आहे.

नियम

केंद्र शासनाच्या 29 ऑगस्ट 2018 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार लेखनिक स्वतः आणावा की परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडून घ्यावा, हे परीक्षार्थीने ठरवायचे असे. त्या सूचनांनुसार स्वतः आणलेल्या लेखनिकाची शैक्षणिक पात्रता परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खालची असावी लागे. म्हणूनच दहावीच्या परीक्षार्थीसाठी सामान्यतः नववीचा विद्यार्थी शोधला जातो. संस्थेने लेखनिक दिल्यास परीक्षेच्या दोन दिवस आधी त्याला भेटण्याची मुभा असते. भाषाविषयांसाठी वेगळा लेखनिक घेता येतो.

या सूचनांनी ‘जादा वेळ’ हा शब्दप्रयोग टाळून ‘भरपाई वेळ’ म्हणावे असे सांगितले. तासाला किमान 20 मिनिटे, म्हणजे तीन तासांच्या प्रश्नपत्रिकेस एक तास, असे तिचे प्रमाण आहे. हा बदल केवळ शब्दांचा नाही. जादा म्हटले की मेहेरबानी वाटते. भरपाई म्हटले की गेलेला वेळ परत केला जातो. खुद्द अधिनियमात मात्र ‘जादा वेळ’च राहिला आहे.

पात्रता एक पायरी खाली ठेवण्यामागे गैरप्रकार टाळण्याचा हेतू आहे. त्याचा तोटा गणित-विज्ञानात जाणवतो. ज्याने ती चिन्हे वा आकृत्या कधी शिकल्या नाहीत, त्याला त्या तोंडी सांगून काढून घेणे ही वेगळीच परीक्षा होते. मराठीच्या उत्तरपत्रिकेतही ऱ्हस्व-दीर्घ कोणाचे चुकले, हे परीक्षकाला कळण्याचा मार्ग नसतो. यासाठी परीक्षार्थी व लेखनिक यांचा आधीचा सराव महत्त्वाचा ठरतो आणि ते काम शाळेतील शिक्षकालाच करावे लागते.

न्यायालयीन लढे

1993 मध्ये नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड या संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने दृष्टिहीन उमेदवारांना नागरी सेवा परीक्षा ब्रेलमधून किंवा लेखनिकाच्या साहाय्याने देण्याची परवानगी दिली. या संघटनेचे नेतृत्व दीर्घकाळ करणारे एस. के. रुंगटा हे स्वतः दृष्टिहीन वकील आहेत.

पुढचा प्रश्न 40 टक्क्यांचा होता. अधिनियमातील ‘लक्षणीय दिव्यांगत्वा’ची ही मर्यादा आरक्षणासारख्या लाभांसाठी आहे; परंतु परीक्षासंस्था तीच लेखनिकालाही लावत. लेखनदोषामुळे हात न चालणाऱ्या एका उमेदवारास नागरी सेवा परीक्षेत लेखनिक नाकारला गेला. प्रशासकीय न्यायाधिकरण व दिल्ली उच्च न्यायालय येथे त्याला दाद मिळाली नाही. 11 फेब्रुवारी 2021 रोजी ‘विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग’ या निकालात न्या. धनंजय चंद्रचूड, न्या. इंदिरा बॅनर्जी व न्या. संजीव खन्ना यांच्या खंडपीठाने लेखनिकासाठी 40 टक्क्यांची अट लावता येत नाही, असे ठरवले. गैरवापराच्या भीतीने खऱ्या गरजूचा हक्क नाकारता येणार नाही, हेही स्पष्ट केले. त्यानुसार 10 ऑगस्ट 2022 रोजी 40 टक्क्यांहून कमी दिव्यांगत्व असलेल्यांसाठी स्वतंत्र सूचना निघाल्या.

नियम असूनही तो केंद्रावरील पर्यवेक्षकाला ठाऊक नसेल तर काय होते, हे 2021 मधीलच दुसऱ्या प्रकरणात दिसले. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेत मुंबईतील केंद्रावर लेखनदोष असलेल्या विद्यार्थिनीला भरपाई वेळ न देता उत्तरपत्रिका काढून घेण्यात आली. 23 नोव्हेंबर 2021 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पुनर्परीक्षेचा आदेश दिला नाही. मात्र झालेला अन्याय कसा दूर करता येईल याचा निर्णय आठवड्याभरात घेण्यास राष्ट्रीय परीक्षा संस्थेला सांगितले.

या क्षेत्रात काम करणाऱ्या नव्या पिढीत नागपूरचे दृष्टिहीन वकील राहुल बजाज यांचे नाव घेतले जाते. नागपुरात कायद्याचे शिक्षण घेतल्यावर त्यांना 2018 ची ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळाली आणि ते ऑक्सफर्डला गेले. पुढे त्यांनी न्या. चंद्रचूड यांचे विधी सहायक म्हणून काम केले. मुंबईचे दृष्टिहीन वकील अमर जैन यांच्यासह ‘मिशन अ‍ॅक्सेसिबिलिटी’ या संस्थेच्या संस्थापकांत त्यांचा समावेश होतो.

ग्रामीण भागातील स्थिती

परळी वैजनाथसारख्या तालुक्याच्या गावी या हक्काची वाट शाळेच्या कार्यालयातून सुरू होते. दहावी-बारावीच्या विद्यार्थ्याचा प्रस्ताव शाळा किंवा कनिष्ठ महाविद्यालयामार्फत जातो. बीड जिल्हा राज्य मंडळाच्या छत्रपती संभाजीनगर विभागात येतो. सोबत दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. अंधत्व, दोन्ही हातांचे दिव्यांगत्व व मेंदूचा पक्षाघात वगळता इतर प्रकारांत, हाताने लिहिणे शक्य नाही असा जिल्हा शल्यचिकित्सक किंवा तत्सम वैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखलाही आवश्यक असतो. अध्ययन अक्षमतेची तपासणी तर त्याहून अवघड. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयासारखी केंद्रे तिच्यासाठी ओळखली जातात, पण लहान गावात वाचताना अडखळणारे मूल पुष्कळदा ‘ढ’ म्हणूनच मागच्या बाकावर बसते. प्रस्ताव परीक्षेच्या तोंडावर करण्यापेक्षा नववीतच कागदपत्रांना आरंभ केल्यास लेखनिकाबरोबर सरावाला वर्षभर मिळते.