छायाकृती, अमेरिकेतील

मनुष्याच्या चेहऱ्याची एका बाजूने दिसणारी बाह्यरेषा कागदातून कातरून तयार केलेले एकरंगी व्यक्तिचित्र. मोगल व दख्खनी लघुचित्रांतील एकचष्म चेहऱ्याशी त्याचे साम्य आहे. मात्र येथे डोळा, वर्ण, अलंकार यांपैकी काहीच नसते. ओळख पटते ती केवळ कपाळ, नाक व हनुवटी यांच्या रेषेवरून. यूरोपात या प्रकारास ‘सिलूएट’ म्हणतात. हे नाव एत्येन द सिलूएत (१७०९–६७) या फ्रेंच अर्थमंत्र्यावरून आले. १७५९ मधील त्याच्या काटकसरीच्या धोरणामुळे स्वस्त वस्तूंना उपहासाने त्याचे नाव दिले जाई.

अमेरिकेत तैलचित्र वा हस्तिदंतावरील लघुचित्र सधनांनाच परवडे. छायाकृतीने ही अडचण दूर केली. चार्ल्स विल्सन पील (१७४१–१८२७) या चित्रकाराच्या फिलाडेल्फियातील संग्रहालयात जॉन आयझॅक हॉकिन्सने योजिलेले रेखायंत्र १८०२ च्या सुमारास आले. चेहऱ्याच्या कडेवरून दांडी फिरविली, की तिला जोडलेली अणी तीच रेषा लहान आकारात चौपदरी घडीच्या कागदावर उमटवी. मग आतील भाग कातरून काढीत व उरलेल्या पांढऱ्या कागदामागे काळा कागद किंवा कापड लावीत. अशा रीतीने एकदम चार प्रती मिळत. कातरणावळ ८ सेंट असे.

हे कातरकाम मोझेस विल्यम्स करी. तो पीलच्या घरी गुलाम म्हणून वाढला होता. पीलची मुले चित्रकला शिकली. मोझेसच्या वाट्यास रंग आले नाहीत, कात्री आली. १८०२ मध्ये तो मुक्त झाला. पुढील वर्षी ८,००० हून अधिक छायाकृती कातरल्या गेल्याचे पीलने नमूद केले आहे. या मिळकतीतून मोझेसने स्वतःचे घर घेतले. चित्रांवर मात्र संग्रहालयाचाच ठसा असे, कातरणाऱ्याचे नाव नसे. त्याची स्वतःची एक छायाकृती फिलाडेल्फियाच्या ‘लायब्ररी कंपनी’त आहे. ती दीर्घकाळ पीलपुत्र राफाएलची मानली गेली. काही अभ्यासकांच्या मते ते मोझेसचे आत्मचित्र असावे.

काळ्या रंगात सर्वच चेहरे सारखे दिसत, तरी त्यांचा उपयोग सारखा नव्हता. कनेक्टिकटमधील फ्लोरा या १९ वर्षांच्या गुलाम स्त्रीची छायाकृती १७९६ च्या तिच्या विक्रीपत्राबरोबर जपलेली आढळते.

ऑग्युस्त एदुआर (१७८९–१८६१) हा फ्रेंच कलावंत यंत्राविना, केवळ नजरेने कातरीत असे. १८३९ ते १८४९ या काळात त्याने अमेरिकेत हजारो छायाकृती केल्या व प्रत्येकीची दुसरी प्रत नाव आणि तारखेसह स्वतःजवळ ठेवली. त्याच सुमारास दगेरोटाइप छायाचित्रे आली आणि कात्रीचा धंदा बसला. १८४९ मध्ये परतताना एदुआरचे जहाज गर्न्झी बेटाजवळ फुटले व बहुतेक प्रती बुडाल्या. त्यानंतर त्याने हा व्यवसाय सोडला.